राणीच्या बागेतली सहल: एका गणेश मंडळाच्या उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

मंडळ, शाळा आणि बालगृह यांची नावं इथे दिलेली नाहीत. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या शाळेत स्वयंसेविका म्हणून जाते आणि नियोजनाच्या बैठकांना शाळेच्या बाजूने बसत होते, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वाचताना कळेलच.

पार्श्वभूमी

गिरणगावातलं हे मंडळ जुनं. गणपतीचे दिवस सोडले तर रक्तदान शिबिर, वह्यावाटप, २६ जानेवारीची सत्यनारायणाची पूजा आणि मंडळाच्या मालकीची एक रुग्णवाहिका, एवढा पसारा. पूजेच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा रद्द करून त्या पैशांत ‘दिव्यांग व अनाथ मुलांसाठी आनंदाचा दिवस’ करावा, असं अध्यक्षांनी मांडलं आणि बैठकीत एकमताने मंजूर झालं. तारीख ठरली ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन.

मुलं दोन ठिकाणची होती. एक मध्य मुंबईतली विशेष शाळा. तिथे सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेली सहा ते सोळा वयाची मुलं येतात. दुसरं मुलग्यांचं एक बालगृह. तिथल्या बऱ्याच जणांना आई किंवा वडील आहेत, पण घरी ठेवता येईल अशी परिस्थिती नाही. दोन्हीकडची मिळून साठेक मुलं.

पहिला आराखडा एका पानाचा होता. सकाळी गिरगाव चौपाटी, मग राणीची बाग म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, मग जेवण, जादूचे प्रयोग, भेटवस्तू आणि मान्यवरांचा सत्कार. दोन लक्झरी बस. तीसेक कार्यकर्ते तयार होते आणि त्यांचा आत्मविश्वास समजण्यासारखा होता. अनंत चतुर्दशीला दोरखंड धरून लालबागची गर्दी थोपवणाऱ्यांना साठ मुलं ती काय जड!

अडचण कुठे होती

शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडमनी तो कागद वाचला आणि तीनच प्रश्न विचारले. मोठ्या मुलांचे डायपर कुठे बदलणार? बसची पहिली पायरी किती उंच आहे? आणि परत किती वाजता आणणार? यातल्या एकाचंही उत्तर कागदावर नव्हतं. सत्काराच्या शाली किती, हे मात्र होतं.

शेवटचा प्रश्न कार्यकर्त्यांना किरकोळ वाटला. पण फिटच्या गोळ्यांची वेळ, उन्हातली दमणूक, संध्याकाळी घरी आई एकटी असणं, आणि नेहमीच्या वेळेला घरी न पोचल्यावर काही मुलांचं पूर्ण बिथरून जाणं, हे सगळं त्या एका वेळेवर अवलंबून होतं.

डायपरचा प्रश्न तर बैठकीत कोणाला तोंडातून काढवेना. लहान बाळाचा डायपर बाकावर बदलता येतो. चौदा वर्षांच्या मुलीचा कुठे बदलणार? सार्वजनिक ठिकाणच्या दिव्यांग स्वच्छतागृहात, ते उघडं असलंच तर, कमोड आणि धरायचा दांडा असतो. आडवं झोपवायला जागा नसते. मग आया काय करतात? जमिनीवर ओढणी पसरतात, नाहीतर मुलीला सकाळपासून पाणीच देत नाहीत. ही दुसरी गोष्ट एका आईने अगदी सहज सांगितली, आणि मला वाटतं आराखडा खऱ्या अर्थाने त्या क्षणी बदलला.

आणखी एक गोष्ट होती. कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर दिव्यांग मूल म्हणजे व्हीलचेअर, एवढंच चित्र होतं. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत. शाळेच्या यादीत व्हीलचेअरवरची मुलं एक तृतीयांशही नव्हती. उरलेली पायांनी धडधाकट, काही तर वाऱ्यासारखी पळणारी. त्यांच्यासाठी उंच पायरीपेक्षा उघडं फाटक जास्त धोक्याचं.

पर्याय आणि त्यावरचे वाद

*जागा.* चौपाटी पहिल्याच फेरीत गळली. वाळूत व्हीलचेअरची पुढची चाकं रुततात आणि पळणाऱ्या मुलाला समुद्राकडे जायला कुंपण नाही. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि शाळेच्याच सभागृहात जत्रा, हे दोन पर्याय पुढे आले. जत्रेचा पर्याय सगळ्यात सुरक्षित होता आणि मॅडमचा कल तिकडेच होता. पण शाळेतल्या एका ताईंनी विचारलं, “ही मुलं रोज तिथेच असतात. सहल म्हणून पुन्हा तिथेच न्यायचं?” शेवटी राणीची बाग एकटीच ठेवायची असं ठरलं. पन्नासेक एकरांचा परिसर, जुन्या झाडांची सावली, रस्ते बरेचसे सपाट, भोवती भिंत. मुंबईतल्या ज्या मुलाला आठवण आहे त्याच्या आठवणीत ही बाग असतेच. या मुलांपैकी बहुतेकांच्या नव्हती.

बाग बुधवारी बंद असते आणि शनिवार-रविवारी पेंग्विनसाठी मोठी रांग लागते. म्हणून मंगळवार घेतला. ३ डिसेंबरचा आग्रह सोडून तारीख जानेवारीत ढकलली. याची किंमत मोजावी लागली. नोकरीवाल्या कार्यकर्त्यांना सुट्टी मिळेना आणि तीसपैकी निम्मेच उरले. माझ्या मते हे बरंच झालं. जे उरले ते रजा टाकून आलेले होते.

*बस.* “आम्ही उचलून घेऊ की,” हे कार्यकर्त्यांचं पहिलं उत्तर. मनापासूनचं होतं. पण अनोळखी पुरुषांनी वयात आलेल्या मुलीला काखेत हात घालून उचलणं मुलीला चालेल का, हे कोणी विचारलं नव्हतं. शिवाय ताठरलेल्या स्नायूंचं मूल उचलताना घसरतं. ते तंत्र शिकावं लागतं. मंडळाच्या मांडववाल्याने लगेच लाकडी उतार बनवून देतो म्हटलं. हिशोब मांडला. व्हीलचेअरसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. लक्झरी बसचा तळ तीन फुटांच्या वर, म्हणजे छत्तीस फुटांहून लांब फळी! बैठकीत हशा पिकला आणि तो पर्याय तिथेच संपला. बेस्टची खालच्या तळाची, रॅम्प असलेली बस भाड्याने घ्यायची ठरली. अशा बसमध्येही व्हीलचेअर पट्ट्याने बांधायची जागा एखादीच असते. तेव्हा ज्या मुलाला सीटवर बसवताच येत नाही त्याच्यासाठी ती राखली, आणि बाकीच्यांना आत नेऊन सीटवर बसवून खुर्च्या घडी करून ठेवायच्या.

मांडववाल्याचा उतार मात्र वाया गेला नाही. दुपारच्या जेवणासाठी घेतलेल्या हॉलला दोन पायऱ्या होत्या, मिळून फूटभर. त्याने बारा फुटांचा प्लायवूडचा उतार केला, वर कार्पेट ठोकलं, दोन्ही कडांना चार बोटं उंच पट्टी मारली. ही पट्टी त्याला कोणी सांगितली नव्हती. “हातगाडी चाक बाजूला टाकते तशी ही पण टाकणार,” एवढंच म्हणाला.

*दोन गट एकत्र की वेगळे.* इथे खरा खटका उडाला. मंडळाची कल्पना अशी की बालगृहातला प्रत्येक मुलगा शाळेतल्या एका मुलाचा ‘दोस्त’ होईल आणि त्याची खुर्ची ढकलेल. कागदावर फार गोड दिसत होतं. बालगृहाच्या अधीक्षकांनी विचारलं, “आमची पोरं पाहुणी म्हणून येणार की मदतनीस म्हणून?” त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला नवीन होतं. नोव्हेंबर ते जानेवारी दर शनिवारी कोणी ना कोणी केक घेऊन येतं. मुलं रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात, धन्यवाद म्हणतात. जूनमध्ये कोणी फिरकत नाही. मग मुलांनाच विचारलं काय हवंय. प्राणी नको, जादूगार नको. डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे बसायचं. जुन्या लाल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. वातानुकूलित विजेवरच्या त्याच वर्षी फेब्रुवारीपासून धावू लागल्या होत्या. मुलांनी त्या रस्त्यावरून जाताना पाहिल्या होत्या, आत कधी बसली नव्हती.

अध्यक्षांना एकच भव्य दिवस हवा होता. अर्धी मुलं कमी झाली तर देणगीदारांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. तरी गट वेगळे केले. बालगृहाची सहल स्वतंत्र, नंतर. हा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. पण त्यातल्या ‘नंतर’चं काय झालं ते पुढे येईल.

*फोटो.* एका देणगीदाराला मुलांसोबत बॅनरखाली फोटो हवे होते. बालगृहातल्या मुलांबाबत तर वादच नव्हता. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेच्या मुलांसाठी पालकांची परवानगी घेता आली असती. मॅडमनी तीही घ्यायला नकार दिला. मोफत सहलीचा फॉर्म हातात असताना आई ‘नाही’ कशी म्हणणार, हे त्यांचं म्हणणं. कॅमेरा एकाच कार्यकर्त्याकडे, फोटो पाठमोरे, मंडळाच्या ग्रुपवर काहीही टाकायचं नाही, असा नियम झाला. देणगीदाराने अर्धी रक्कम दिली. खजिनदार दोन दिवस बोलत नव्हते.

*आया.* आया सोबत असतीलच हे मंडळाने गृहीत धरलं होतं. पालकसभेत एकीने स्पष्ट सांगितलं, “मी आले तर मीच भरवणार, मीच पुसणार. मग सहल तिची, माझी ड्युटी तीच.” दुसरीला मुलाला फिट येते म्हणून डोळ्याआड करायचं नव्हतं. शेवटी सक्ती कुठलीच केली नाही. ज्या येतील त्यांच्या मुलासोबतही एक कार्यकर्ता असेल आणि आईला बसायला वेगळी जागा. ज्या येणार नाहीत त्यांनी एक पान भरून द्यायचं. मूल शूला जायचं कसं सांगतं, काय खातं आणि कसं भरवायचं, कशाला घाबरतं, फिट किती वेळ टिकते, कोणाला फोन करायचा. शाळेकडे वैद्यकीय फायली होत्या, पण ‘कुत्रा भुंकला की माझ्या कानाला धरतो’ ही माहिती कुठल्याच फाईलमध्ये नव्हती.

तयारी

कार्यकर्ते आधी दोनदा शाळेत जाऊन आपापल्या मुलासोबत बसले. फिटचं प्रशिक्षण शाळेच्या थेरपिस्टनी दिलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर हॉस्पिटल. कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. मागच्या रांगेतून “मग चप्पल कशाला असते?” असंही आलं.

एकट्याने कुठल्याही मुलाला आडोशाला न्यायचं नाही, दोघं हवेत आणि मुलींच्या बाबतीत फक्त आई किंवा शाळेच्या मावशी, या नियमावर दोघा तरुणांना राग आला. आमच्यावर संशय? मॅडमनी शांतपणे सांगितलं की हाच नियम अध्यक्षांना आणि मलाही आहे. अध्यक्षांनी मान डोलावली आणि विषय मिटला.

डायपरच्या प्रश्नाचं उत्तर मंडळाच्या दारातच उभं होतं: रुग्णवाहिका. आत आडवं झोपवायला स्ट्रेचर, खिडक्यांना पडदे, पाण्याचा कॅन, पंखा. तातडीची गरज पडली तर मिनिटभरात मोकळी होते. सुचवलं तिच्या ड्रायव्हरने. इतक्या बैठकांत तो कोपऱ्यात बसून ऐकत होता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

प्रत्यक्ष दिवस

बस वेळेवर आली, चढायला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला, पण कोणाला उचलावं लागलं नाही. फाटकापाशी रस्ता ओलांडताना कार्यकर्त्यांनी विसर्जनाची साखळी केली. हातात हात, दोन्ही बाजूंनी, मधून मुलं. हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

गडबड झाली ती फाटकाच्या आत. ‘वाद्य नको’ हे स्पष्ट सांगितलेलं असूनही एका उत्साही कार्यकर्त्याने स्वागताला दोन ताशे आणि एक ढोल बोलावला होता. पहिला ठोका पडला आणि अकरा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा कान दाबून फरशीवर आडवा झाला, डोकं आपटू लागला. पाच-सहा जण धावले. ताईंनी हातानेच सगळ्यांना मागे सारलं. ढोल थांबवला. स्वतःची पर्स त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि दोन हात अंतरावर नुसत्या बसून राहिल्या, बोलल्या नाहीत, हात लावला नाही. कार्यकर्त्यांना त्यांनी मुलाकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं, म्हणजे बघ्यांना काही दिसू नये. बाकीचा गट पुढे गेला.

तो मुलगा वीसेक मिनिटांनी उठला. त्याला पेंग्विन दाखवायचा मोह त्याच्या जोडीदार कार्यकर्त्याने टाळला, हे मला त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. वाटेत माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. मुलगा तिथे थांबला तो निघेचना. माळीदादांनी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून फवारा उडवला, मग मुलाचा अंगठा धरायला लावला. बाकीच्यांनी हत्ती बघितला, पाणघोडा बघितला. या दोघांनी पाइप बघितला.

पेंग्विन कक्ष व्हीलचेअरवाल्यांना फार आवडला. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन सोळा ते अठरा अंशांत ठेवतात, काच खालपर्यंत आहे, त्यामुळे बसलेल्या मुलाच्या नजरेसमोर पक्षी पोहतो. पण स्नायू ताठ असलेल्या मुलांना त्या गारव्याने आखडल्यासारखं झालं. स्वेटर कोणी आणले नव्हते, मुंबईत जानेवारीत ते कोणाच्या डोक्यातही येत नाही. आयांनी ओढण्या गुंडाळल्या.

रुग्णवाहिका सकाळभर रिकामी राहिली नाही. शाळेतल्या मुलांसाठी ठरलेली होती, पण बागेत आलेल्या एका अनोळखी कुटुंबानेही आपल्या मोठ्या मुलीसाठी विचारलं. मावशींनी पडदा ओढून दिला.

जेवायला पुरी-भाजी, जिलबी आणि वेगळ्या पातेल्यात तूप घातलेला गुरगुट्या भात. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना भरवायला तासाहून जास्त लागला. हनुवटी किंचित खाली, घास छोटा, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. तोपर्यंत रंगमंचावरचे जादूचे प्रयोग राहूनच गेले. जादूगार कंटाळून पंगतीत फिरला आणि ताटाशेजारी नाणी गायब करत बसला. सत्कार अध्यक्षांनी स्वतःहून वगळला. शाली आयांना वाटल्या.

निष्पत्ती

बस साडेतीनच्या आत शाळेत परतली. कोणाला इजा झाली नाही, फिट आली नाही. दुसऱ्या दिवशी काही मुलं दमणुकीने गैरहजर होती. न आलेल्या आयांपैकी एकीने बँकेतलं साठलेलं काम उरकलं, एक झोपली, एकीला सकाळभर करमलं नाही म्हणून ती दुपारी थेट हॉलवर आली.

मंडळाच्या बाजूने हिशोब थोडा तोट्यात गेला. बॅनरवरचा खर्च वाचला, बस आणि डायपर यांच्यावर तो गेला आणि वर देणगी अर्धी आली. पण रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा नंबर आता शाळेतल्या आयांकडे आहे. लग्नाला, देवदर्शनाला मुलीला न्यायचं असेल तर त्या त्याला बोलावतात. हे नियोजनात कुठेच नव्हतं.

बालगृहाची सहल झाली नाही. फेब्रुवारीत परवानगीची पत्रं अडकली, मार्चमध्ये परीक्षा, मग सुट्ट्या, आणि आषाढ लागताच मंडळ वर्गणीत बुडालं.

वेगळं काय करता आलं असतं

गट वेगळे केले त्याच बैठकीत दुसऱ्या सहलीची तारीख आणि पैसे बाजूला काढून ठेवायला हवे होते. साधं गणित होतं. डबलडेकरच्या एका फेरीला खर्च जवळजवळ नव्हताच, आणि ती आधी करून घेतली असती तर कार्यकर्त्यांचा हातही बसला असता. मोठं काम पुढे आणि सोपं मागे, हा क्रम उलटा लावायला हवा होता.

ढोलाबद्दल नियम सांगितला गेला, कारण सांगितलं गेलं नाही. ज्याने वाद्यं बोलावली तो बैठकीला हजर होता. त्याला वाटलं मॅडमना गोंगाट आवडत नाही, मुलांना तर आवडेलच. शाळेच्या वर्गात एखाद्या मुलाला मिक्सरच्या आवाजाने काय होतं हे त्याने एकदा बघितलं असतं, तर वेगळं सांगावं लागलं नसतं. शाळाभेटींना तोच नेमका गैरहजर होता. भेटी चुकवणाऱ्याला त्या दिवशी मुलांजवळचं काम द्यायचं नाही, पाणी आणि गाड्या सांभाळायला लावायचं, असा नियम शाळेने आता केला आहे.

बागेची पाहणी कार्यकर्त्यांनी रिकामी व्हीलचेअर ढकलत केली होती. रिकामी खुर्ची कुठेही जाते. पाहणीला निदान एका मुलाला आणि त्याच्या आईला न्यायला हवं होतं. पेंग्विन कक्षातली थंडी, फाटकापाशी रुग्णवाहिका लावायची नेमकी जागा, कुठल्या वळणावर खुर्ची धक्के खाते, हे तेव्हाच कळलं असतं.

जेवणानंतरचा कार्यक्रम मुळातच नको होता. मॅडमचं मत याहून पुढचं आहे. त्या म्हणतात, पुढच्या वेळी साठ सोडा, तीसही नकोत, दहा मुलं न्या आणि तीनदा न्या. अध्यक्षांना हे अजून पटलेलं नाही. दहा मुलांसाठी रजा टाकायला पोरं तयार होतील का, अशी त्यांना शंका आहे, आणि ती अगदीच निराधार नाही.

बालगृहासाठी मंडळाने आता जूनचा दुसरा आठवडा धरला आहे. परवानगीचं पत्र या वेळी एप्रिलमध्येच दिलं. अधीक्षकांची एकच अट आहे: वरच्या मजल्यावर पुढची जागा मोजक्यांनाच मिळते, तेव्हा जाताना एकांना आणि येताना दुसऱ्यांना, आणि चिठ्ठ्या आदल्या दिवशी त्यांच्यासमोर काढायच्या.